छोट्या स्मार्ट दुर्बिणीतून दूरच्या आकाशाचे छायाचित्रण

माघातल्या संध्याकाळी अंधार दाटू लागला की मृग नक्षत्र गोव्याच्या आकाशात जवळजवळ माथ्यावर येते. मृगाच्या पोटातील तीन ताऱ्यांच्या बाणाखाली फिकट ताऱ्यांची एक आखूड रांग आहे. डोळे अंधाराला सरावले असतील, तर तिच्या मध्यभागी धुरकट ठिपका जाणवतो. हाच एम ४२ या क्रमांकाने ओळखला जाणारा तेजोमेघ. सुमारे तेराशे प्रकाशवर्षे दूर असलेल्या या वायूच्या ढगात आजही नवे तारे जन्माला येत आहेत. चांगल्या दुर्बिणीच्या नेत्रिकेला डोळा लावला, तरी तो करडा, फार तर किंचित हिरवट दिसतो. छायाचित्रांतला लाल-जांभळा रंग तेथे नसतो. तो रंग टिपायचा, तर काही वर्षांपूर्वीपर्यंत दुर्बीण, ताऱ्यांमागे अचूक फिरणारी जड बैठक, थंड ठेवलेला कॅमेरा, मार्गदर्शक दुर्बीण आणि संगणक एवढा संसार लागत असे. त्याहून अधिक लागत असे चिकाटी. आता एका हातात मावणारे, अडीच किलोचे यंत्र गच्चीवर ठेवून मोबाइलवरून तेच काम होते. निदान जाहिरात तसे सांगते. प्रत्यक्षात यंत्राची थोडी ओळख करून घेतल्याशिवाय हाती लागते ते चित्र बेताचेच असते.

स्मार्ट दुर्बीण म्हणजे काय

या दुर्बिणीला नेत्रिका नसते. जेथे डोळा लावायचा, तेथे प्रकाशसंवेदी सेन्सर बसवलेला असतो आणि चित्र थेट मोबाइलच्या पडद्यावर उमटते. या प्रकाराची सुरुवात फ्रान्समधील युनिस्टेलर आणि व्हाओनिस या दोन कंपन्यांनी गेल्या दशकाच्या अखेरीस केली. त्यांची यंत्रे उत्तम होती, पण सामान्य हौशी निरीक्षकाच्या खिशाला परवडणारी नव्हती. २०२३ मध्ये चीनच्या झेडडब्ल्यूओ कंपनीने ‘सीस्टार एस ५०’ बाजारात आणली. अमेरिकेत तिची किंमत सुमारे ५०० डॉलर होती आणि चित्र पालटले ते तिथून. पाठोपाठ त्याच कंपनीची धाकटी ‘एस ३०’ आणि ड्वार्फलॅबची ‘ड्वार्फ ३’ ही यंत्रेही आली.

एस ५० चा दाखला घेतला तर तिच्या वस्तुभिंगाचा व्यास ५० मिलिमीटर आणि नाभीय अंतर २५० मिलिमीटर आहे. सेन्सरवर १९२० गुणिले १०८० पिक्सेल आहेत. यावरून एका पिक्सेलमध्ये आकाशाचा सुमारे २.४ कोनीय सेकंदांचा तुकडा मावतो आणि संपूर्ण चौकट साधारण १.३ अंश उंच व ०.७ अंश रुंद भरते. पूर्ण चंद्राचा व्यास अर्धा अंश असतो, हे लक्षात घेतले की चौकटीचा अंदाज येतो. एवढ्या आकड्यांतूनच पुष्कळ प्रश्नांची उत्तरे मिळतात. गुरूचे बिंब पृथ्वीच्या जवळ असतानाही पन्नास कोनीय सेकंदांच्या आतच असते; म्हणजे या यंत्रात गुरू वीस पिक्सेलचा ठिपका होऊन बसतो. शनीची कडी पाहण्याच्या आशेने ही दुर्बीण घेणाऱ्याची निराशा ठरलेलीच. उलट देवयानी दीर्घिका तीन अंश लांब असल्याने ती चौकटीत मावत नाही आणि अनेक चौकटी जोडून तिचे चित्र करावे लागते. तेजोमेघ, खुले तारकागुच्छ आणि मोठ्या दीर्घिका हे या यंत्राचे खरे क्षेत्र.

दिशा शोधण्याची तिची रीत मात्र खरोखर चतुर आहे. मोबाइलकडून स्थळ आणि वेळ समजली की ती आकाशाच्या एखाद्या तुकड्याचे छायाचित्र घेते आणि त्यातील ताऱ्यांची मांडणी आपल्या स्मृतीतील तारकासूचीशी ताडून आपण नेमके कोठे पाहत आहोत ते ओळखते. चुकले असेल तर थोडे सरकते, पुन्हा छायाचित्र घेते, पुन्हा ताडून पाहते. ध्रुव कोणता आणि अभिजित कोणता, हे निरीक्षकाला ठाऊक नसले तरी अडत नाही. सोय मोठी आहे. नुकसानही याच सोयीत आहे, कारण वर्षभर ही दुर्बीण वापरूनही आकाश अनोळखी राहिलेले लोक भेटू लागले आहेत.

एक्कावन्न मिनिटांची काच

या छायाचित्रणाचा मूळ विचार जुना आहे. डोळा प्रकाश साठवू शकत नाही. काच साठवू शकते. न्यूयॉर्कचे हेन्री ड्रेपर यांनी ३० सप्टेंबर १८८० रोजी ११ इंची दुर्बिणीतून ५१ मिनिटे एक काच उघडी ठेवली आणि मृगातील तेजोमेघाचे पहिले छायाचित्र मिळवले. तीन वर्षांनी इंग्लंडमध्ये अँड्र्यू कॉमन यांनी ३६ इंची आरशाच्या दुर्बिणीने त्याच तेजोमेघाचे असे चित्र घेतले, की डोळ्यांना कधीच न दिसलेले तारे त्यात उमटले. आयझॅक रॉबर्ट्स यांनी १८८८ मध्ये देवयानी दीर्घिकेचे सर्पिल वळण काचेवर आणले. त्यांची २० इंची दुर्बीण डब्लिनच्या ग्रब यांच्या कारखान्यात तयार झाली होती.

त्याच कारखान्यातील २० इंची आरशाची एक दुर्बीण पुण्यातही आली. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांच्या देणगीतून पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये वेधशाळा उभी राहिली आणि प्रा. कवासजी दादाभाई नायगमवाला यांनी तेथून मृगातील तेजोमेघाच्या वर्णपटाचा अभ्यास केला. १९१२ मध्ये वेधशाळा बंद झाली आणि ती दुर्बीण कोडाईकनालला गेली. तिच्या आरशाचे क्षेत्रफळ आजच्या ५० मिलिमीटर भिंगाच्या सुमारे शंभर पट होते. तरीही ही चिमुकली दुर्बीण आज रंगीत तेजोमेघ दाखवते, ते भिंगामुळे नव्हे. त्या काळच्या काचा शंभर प्रकाशकणांतला एखाददुसराच नोंदवत. आजचा सेन्सर निम्म्याहून अधिक नोंदवतो. उरलेले काम बेरजेचे आहे.

बेरीज कशी चालते

यंत्र एकच लांब एक्स्पोजर घेत नाही. ते दहा, वीस किंवा तीस सेकंदांची शेकडो छायाचित्रे घेते, प्रत्येकातील तारे एकमेकांवर जुळवते आणि सरासरी काढते. एका छायाचित्रात तेजोमेघाचा प्रकाश असतो आणि त्यात मिसळलेला विस्कळीत कणकण, ज्याला छायाचित्रकार ‘नॉइज’ म्हणतात, तोही असतो. प्रकाश दर चित्रात त्याच जागी असतो, कणकण दर वेळी वेगळी पडते. बेरीज केली की प्रकाश सरळ प्रमाणात वाढतो, पण कणकण वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. सोळा चित्रे जोडली तर चित्राची स्वच्छता चौपट होते. एका तासात दहा सेकंदांची ३६० चित्रे होतात आणि स्वच्छता सुमारे १९ पट वाढते. ती याच्या दुप्पट हवी असेल तर दोन तास नव्हे, चार तास लागतात. नवख्या निरीक्षकाला हा हिशेब कडू वाटतो. पहिल्या पाच मिनिटांत चित्र झपाट्याने सुधारते, पुढच्या तासात फारसे काही बदलत नाही असे वाटते आणि तो दुसऱ्या लक्ष्याकडे वळतो. एका रात्रीत बारा लक्ष्ये टिपणाऱ्याच्या हाती बारा कच्ची चित्रे येतात. एकाच लक्ष्याला दोन-तीन रात्री देणाऱ्याला निकालातला फरक सांगावा लागत नाही.

वारा, विमान, उपग्रहाची रेघ किंवा विरळ ढग यांमुळे बिघडलेली छायाचित्रे यंत्र स्वतःच टाकून देते. दहातली दोन-तीन गळाली तर चिंता करू नये. अर्ध्याहून अधिक गळू लागली, तर ट्रायपॉड समतल नाही, कोणी गच्चीवर फिरत आहे किंवा आकाशच बरे नाही, असे समजावे.

गोव्यात आकाश अधिक वेगाने वळते

परदेशी मार्गदर्शिकांत सहसा न आढळणारी एक गोष्ट दक्षिणेकडील निरीक्षकांनी जाणून घ्यायला हवी. ही दुर्बीण साधारणपणे उभ्या आणि आडव्या अशा दोन अक्षांवर फिरते. अशा बैठकीवर लक्ष्य चौकटीच्या मध्यावर राहते, पण भोवतीचे आकाश त्याच्याभोवती हळूहळू वळत जाते. या वळणाचा वेग स्थळाच्या अक्षांशावर, लक्ष्याच्या उंचीवर आणि दिशेवर अवलंबून असतो. दक्षिण दिशेला ६० अंश उंचीवरचे लक्ष्य घेतले तर लंडनमध्ये हे वळण ताशी सुमारे १९ अंश पडते, गोव्यात सुमारे २९. लक्ष्य ८० अंशांवर चढले की गोव्यात तेच ताशी ८० अंशांच्या वर जाते. मग दहा सेकंदांच्या चित्रातही कोपऱ्यातले तारे लहान कमानीसारखे ओढले जातात आणि तीस सेकंदांचे चित्र निरुपयोगी ठरते. ‘तीस सेकंद ठेवा’ हा युरोपातला सल्ला येथे डोळे मिटून पाळण्यात अर्थ नाही.

उपाय मात्र साधा आहे. लक्ष्य ठीक पूर्वेला किंवा ठीक पश्चिमेला असताना हे वळण शून्यावर येते. म्हणून माथ्यावरून जाणारी लक्ष्ये माथ्यावर घेऊ नयेत. ती चढताना किंवा उतरताना घ्यावीत. इंदूरचा दाखला यासाठी फार बोलका आहे. जंबुक तारकासमूहातील डंबेल तेजोमेघ, म्हणजे एम २७, ज्या क्रांतीवर आहे, जवळपास तोच इंदूरचा अक्षांश आहे. त्यामुळे तो तेथे अगदी खमध्यातून जातो. ऑक्टोबरात अंधार पडतो तेव्हा तो नेमका तिथेच असतो. इंदूरकरांनी दोन तास थांबावे. तो पश्चिमेकडे साठेक अंशांवर उतरला की तेच यंत्र टोकदार तारे देते. वडोदऱ्यात वृषभेतील क्रॅब तेजोमेघाची हीच कथा.

अलीकडच्या सॉफ्टवेअरमध्ये या दुर्बिणीला ध्रुवाकडे कलवून वापरण्याचीही सोय आली आहे. तसे केले की आकाशाचे वळण नाहीसे होते आणि लांब एक्स्पोजर घेता येते. पण येथेही अक्षांश आडवा येतो. ध्रुव तारा गोव्यात क्षितिजापासून जेमतेम साडेपंधरा अंश उंच आहे. त्याच्याकडे अक्ष रोखायचा म्हणजे यंत्र जवळजवळ आडवे करावे लागते आणि सोबत मिळणाऱ्या हलक्या ट्रायपॉडवर ते कलंडते. ज्यांच्या उत्तरेला माड किंवा शेजारची इमारत आहे, त्यांना ध्रुव दिसतही नाही. भक्कम ट्रायपॉड आणि तिरपी बैठक घेण्याची तयारी नसेल तर या सोयीच्या मागे न लागलेले बरे. ग्वाल्हेरच्या निरीक्षकाला ध्रुव २६ अंशांवर मिळतो. त्याची स्थिती थोडी बरी.

अंधाराचे पंचांग

चंद्र आकाशात असला की फिकट दीर्घिका धुऊन निघतात. त्यासाठी वेगळ्या तक्त्याची गरज नाही. भिंतीवरचे पंचांग पुरते. कृष्ण अष्टमीनंतर चंद्र मध्यरात्रीच्या पुढे उगवतो आणि शुक्ल पंचमीपर्यंत लवकर मावळतो. हे साधारण बारा-तेरा दिवस दीर्घिकांचे. पौर्णिमेच्या आसपास यंत्र घरात ठेवण्याचे कारण नाही, तेव्हा फिल्टर लावून तेजोमेघ घ्यावेत.

हा फिल्टर काय करतो हे समजून घेतले की त्याचा दुरुपयोग टळतो. मृगातील तेजोमेघासारखे वायूचे ढग काही ठरावीक तरंगलांबींवरच प्रकाशतात: हायड्रोजनचा लाल प्रकाश ६५६ नॅनोमीटरवर, ऑक्सिजनचा निळसर हिरवा ५०१ नॅनोमीटरवर. यंत्रातील दुहेरी फिल्टर एवढ्याच दोन अरुंद पट्ट्यांतला प्रकाश आत सोडतो आणि पथदिव्यांचा व चंद्राचा बहुतेक प्रकाश अडवतो. पण दीर्घिका म्हणजे असंख्य ताऱ्यांचा सर्व रंगांचा प्रकाश. तेथे फिल्टर लावला तर दिव्यांबरोबर दीर्घिकाही अडते. कृत्तिकेभोवतालची निळी धूळही ताऱ्यांचा परावर्तित प्रकाश दाखवते. तिलाही फिल्टर वर्ज्य.

स्थळाचे महत्त्व फिल्टरने संपत नाही. आकाश जितक्या पटीने उजळ, तितक्या पटीने अधिक वेळ दिला तरच चित्राची स्वच्छता सारखी राहते. पणजी किंवा म्हापशाच्या गच्चीवर एका दीर्घिकेला जेवढ्या रात्री लागतात, तेवढे काम सत्तरी, सांगे किंवा काणकोणच्या आतल्या गावात एकाच रात्री उरकते. बेळगाव आणि गोव्यामधला चोर्ला घाट दोन्हीकडच्या निरीक्षकांना सोयीचा आहे. महाराष्ट्रात पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. हैदराबाद व इंदूरच्या निरीक्षकांना ते पूर्णपणे आवाक्याबाहेरचे नाही. पावसाचे चार महिने गोव्यातील आकाश बंदच असते. ऑक्टोबरच्या अखेरीपासून मेपर्यंतचा काळ खरा, त्यातही डिसेंबर ते फेब्रुवारी उत्तम. ग्वाल्हेरला मात्र ऐन थंडीत धुके छळते.

येथून काय घ्यावे

उत्तरेकडील देशांच्या याद्या येथे जशाच्या तशा वापरल्या तर दक्षिण आकाशाचे वैभव हातचे जाते. नरतुरंगातील ओमेगा सेंटॉरी हा आपल्या आकाशगंगेतील सर्वांत मोठा बंदिस्त तारकागुच्छ, अंदाजे एक कोटी ताऱ्यांचा. एडमंड हॅले यांनी सेंट हेलेना बेटावरून १६७७ मध्ये त्याची नोंद केली. लंडनहून तो कधीच दिसत नाही. गोव्यात मे महिन्यात रात्री दहाच्या सुमारास तो दक्षिणेला २७ अंश उंच असतो. इंदूरला २० अंश, ग्वाल्हेरला १६. पन्नास मिलिमीटरच्या दुर्बिणीतून अर्ध्या तासात त्याच्या कडेचे तारे सुटे सुटे दिसू लागतात. अगस्त्य ताऱ्याच्या तारकासमूहातील कॅरिना तेजोमेघ गोव्यात पंधरा अंशांपर्यंतच चढतो. समुद्री धूसरपणातून तो घेणे कष्टाचे, पण एप्रिल-मेमधील एखाद्या स्वच्छ रात्री करून पाहावे असे. नोव्हेंबरात एनजीसी २५३ ही लांबट दीर्घिका दक्षिणेला ४९ अंशांवर येते. कॅरोलिन हर्शेल यांनी ती १७८३ मध्ये शोधली, आणि इंग्लंडच्या आकाशात ती किती खाली असते हे पाहता त्यांच्या नजरेचे कौतुक वाटते.

बाकी ओळखीची मंडळी आहेतच. मृगातील तेजोमेघाला दहा सेकंदांचेच एक्स्पोजर द्यावे, नाहीतर त्याचा तेजस्वी गाभा पांढरा होऊन जातो. पावसाळ्याच्या आधी धनु राशीतील एम ८ आणि एम २० पहाटे घेता येतात. श्यामशबलातील एम ५१, भोवरा दीर्घिका, चौकटीत लहान दिसते, पण तिचे बाहू सुटतात. स्वरमंडलातील कंकण तेजोमेघ मात्र तीस-पस्तीस पिक्सेलचा. एकदा पाहून सोडून द्यावा.

चित्र खरे किती

या छायाचित्रांबद्दल सर्वाधिक वाद येथे होतो. रंग खोटे आहेत का? नाहीत. मंद प्रकाशात डोळ्यातील रंग ओळखणाऱ्या पेशी जवळजवळ काम करत नाहीत, म्हणून तेजोमेघ करडा दिसतो. सेन्सरने नोंदवलेला लाल रंग हायड्रोजनचाच असतो. मात्र मूळ बेरीज पडद्यावर काळी दिसते. तिच्यातला अंधुक भाग उजळावा लागतो, नगरप्रकाशाची झाक वजा करावी लागते आणि रंगांचा तोल साधावा लागतो. हे काम मोबाइलमधील अ‍ॅप आपोआप करते. सिरिल, ग्राएक्सपर्ट यांसारख्या विनामूल्य प्रणालींतून संगणकावर केले तर अधिक चांगले होते. येथवर हा विकासाचाच भाग आहे. ड्रेपर यांनीही काच रसायनात धुतलीच होती.

प्रश्न पुढे सुरू होतो. कृत्रिम बुद्धिमत्तेने कणकण काढणारी साधने आता अ‍ॅपमध्येच येतात. जपून वापरली तर ती उपयोगी आहेत. जोर लावला की ती जेथे नोंदच नाही तेथे धुळीच्या रेषा आणि ताऱ्यांच्या माळा रेखाटू लागतात. पन्नास मिलिमीटरच्या भिंगाला जे वेगळे करून दाखवणे भौतिकीदृष्ट्या अशक्य आहे, ते चित्रात दिसले तर ते आकाशातून आलेले नाही. समाजमाध्यमांवर अशा चित्रांचे कौतुक होते आणि तीन रात्री जागून घेतलेले प्रामाणिक, थोडे कणीदार चित्र मागे पडते, ही खंत अनेक जुन्या निरीक्षकांची आहे व ती अनाठायी नाही. चित्राखाली स्थळ, दिनांक, एकूण एक्स्पोजर, फिल्टर आणि वापरलेली प्रणाली लिहिण्याची रीत पाळली तर निदान पाहणाऱ्याला तोलता येते.

हे केवळ सौजन्य नाही. २६ सप्टेंबर २०२२ रोजी नासाचे डार्ट यान डायमॉर्फस या लघुग्रहावर आदळले, तेव्हा रियुनियन बेट आणि केनिया येथील हौशी निरीक्षकांनी स्मार्ट दुर्बिणींतून तो उजेड टिपला आणि त्यावरचा शोधनिबंध ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. १९ मे २०२३ रोजी जपानचे कोइची इतागाकी यांना सप्तर्षीतील एम १०१ दीर्घिकेत एक अतिनवतारा आढळला. तो नेमका कधी उजळू लागला हे ठरवताना, शोधाच्या आधीच्या तासांत हौशी लोकांनी सहज घेतलेली त्या दीर्घिकेची चित्रे कामी आली. सुशोभित अंतिम चित्राचा अशा वेळी काही उपयोग नसतो. लागतात त्या मूळ, न रंगवलेल्या फाइली आणि त्यांवरील अचूक वेळ.

म्हणून यंत्र हाती आल्यावर पहिला बदल सेटिंगमध्ये करावा: प्रत्येक सुटे छायाचित्र जतन करण्याचा पर्याय सुरू करावा. दहा सेकंदांचे एक मूळ चित्र सुमारे चार मेगाबाइटचे असते. तासाला दीड गिगाबाइट. यंत्रातील जागा थोड्याच रात्रींत भरते, तेव्हा दर आठवड्याला ती चित्रे बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून ठेवावीत. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की भिंगावर बुरशी धरू नये म्हणून दुर्बीण सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवावी, बॅटरी निम्मी भरलेली असावी आणि महिन्यातून एकदा ती तपासावी. हिवाळ्यात साठवलेल्या चित्रांची नव्याने बेरीज करायला पावसाळ्याच्या रात्री मोकळ्याच असतात.